सारख्या चुकीला सारखी शिक्षा

६ जानेवारी, सोमवार

नव्या मुख्याध्यापकांच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. शाळेतल्या शिस्तीचे नियम म्हणे मुलांनी करायचे. आठवी ते दहावीतली सहा मुलं मतदान घेऊन निवडायची, त्यांची समिती करायची आणि समितीवर देखरेखीला मी. मी इथली पर्यवेक्षिका. आजवरचा एकेक नियम माझ्या हातचा. जिन्याखालच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेत, तेही पेंटरच्या डोक्यावर उभं राहून मीच रंगवून घेतलेत. आणि आता ते मोडीत काढायचं कामही माझ्याच गळ्यात. मी म्हटलं, "सर, आज म्हणतील गृहपाठ नको, उद्या म्हणतील शाळाच नको." ते हसले. वय लहान आहे, हसणारच.

दर आठवड्याला त्यांना अहवाल द्यायचाय. अहवालात शोभणार नाही ते इथे लिहीन म्हणते.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं झालं की. तुझा ताप कमी होईल." दिवसभर औषधांच्या दुकानात बसून त्याला जळीस्थळी ताप कमी झालेलाच दिसतो. लेक जेवत होती, तिनं मान वर केली नाही.

९ जानेवारी

मतदान झालं. नववी ब मधून आमची लेक निवडून आली. पर्यवेक्षिकेची मुलगी म्हणून मतं पडली असणार, दुसरं काय. आठवीतून एक मुलगी आहे, तिला पोरंच काय शिक्षकही 'वकील' म्हणतात, कारण "पण मॅडम" शिवाय तिचं वाक्य सुरू होत नाही. दहावीचा लंबू आहे. बाकीचे तिघं होयबा दिसतात.

लेकीला स्पष्ट सांगितलं की समितीत मी मॅडम आणि ती रोल नंबर एकवीस. तसं हे पाचवीत तिला इथे घातलं तेव्हापासूनच ठरलेलं आहे. फाटकाच्या आत आई म्हणायचं नाही. सुरुवातीला एक-दोनदा चुकली, नंतर कधी नाही. सवय लावली की लागते.

"हो मॅडम," ती म्हणाली.

"अगं, घरी नाही."

"बरं."

१४ जानेवारी

पहिली बैठक प्रयोगशाळेत झाली. वाटलं होतं त्यापेक्षा छान पार पडली. मी विचारलं, कोणते नियम असावेत? एकेकानं उभं राहून सांगितलं. वेळेवर यावं, गणवेश स्वच्छ असावा, जिन्यात धावू नये. जवळजवळ माझ्याच शब्दांत. याचा अर्थ नियम मुळात बरोबरच होते. अहवालात तसं लिहिलं.

मुख्याध्यापकांनी तो उभ्याउभ्याच वाचला. "तुम्ही कुठे बसला होतात?"

"कुठे म्हणजे? फळ्यासमोर."

"पुढच्या वेळी मागे खिडकीपाशी बसा. आणि बोलू नका."

मला गप्प बसायला सांगणारा हा दुसरा माणूस. पहिल्यानं लग्नानंतर महिनाभरात नाद सोडला.

२१ जानेवारी

खिडकीपाशी बसले.  लंबू स्टुलावर नखानं रेघोट्या ओढत होता. मग वकील म्हणाली, "पण आपण आधी शिक्षांचं ठरवू या ना. नियम काय, कोणीपण करतं."

लंबू म्हणाला, "उशिरा येणाऱ्याला मैदानाला दहा फेऱ्या."

"तू मारून दाखव."

"मी कशाला? मी वेळेवर येतो."

"म्हणून तर सुचतंय तुला."

हशा पिकला. होता होता त्यांनी चक्क ठराव केला की ज्याला शिक्षा सुचवायची आहे त्यानं ती आधी स्वतः भोगायची. मगच चर्चा. सहाही हात वर. शब्द वकिलीणबाईंचे, पण कागदावर नीट वाक्य मांडून दिलं ते आमच्या लेकीनं. लंबू मधल्या सुट्टीत धावला, चौथ्या फेरीला नळाखाली डोकं घालून बसला आणि सूचना मागे घेतली.

मी मुख्याध्यापकांना विचारलं, हे फक्त मुलांपुरतं ना? ते म्हणाले, "का? शिक्षकांना शिक्षा सुचत नाहीत?"

२४ जानेवारी

शिक्षकांच्या खोलीत नुसता गदारोळ. पीटीचे सर म्हणाले, उठाबशा राहिल्याच पाहिजेत. जोशात काढायला गेले, आता कंबर धरून घरी बसलेत. भाषेच्या मॅडमना 'शंभर वेळा लिहा' हवं होतं. त्यांनी चाळीसपर्यंत लिहिलं आणि उरलेलं एका सहावीतल्या मुलाला लिहायला दिलं. तो समितीकडे गेला. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

माझी एकच मागणी आहे. वर्गाबाहेर उभं करणं राहू द्या. त्याशिवाय शाळा चालत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहा म्हटलं. उभी राहते. मी काय कोणाला भिते?

२८ जानेवारी, मंगळवार

आज उभी राहिले. नववी ब च्या दाराबाहेर, पूर्ण एक तास. शिपाईदादा खुर्ची घेऊन आले, त्यांना परत पाठवलं. शिक्षा म्हणजे शिक्षा.

सुरुवातीला काही वाटलं नाही. मग हातांचं काय करायचं ते कळेना. मागे बांधले, पुढे घेतले, पदराशी चाळा केला. येणारी-जाणारी मुलं आधी बघायची, मग बघितलंच नाही असं दाखवायची. एरवी मला पाहून बाजूला होतात, आज भिंतीला घासून गेली. दाराच्या उजव्या बाजूला पोरांच्या खांद्याच्या उंचीवर भिंतीचा रंग पार उडालाय. बाकी वर्गांबाहेर एवढा नाही. हा वर्ग जरा जास्तच दंगेखोर दिसतो. रंगाचं ऑफिसात सांगायला हवं.

पाचवीतला एक टिल्लू पाण्याच्या निमित्तानं हिंडत होता. माझ्यासमोर थांबला.

"मॅडम, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणू नका, मग खूप वेळ ठेवतात. परत करणार नाही म्हणा." आणि पळाला.

आत भाषेच्या मॅडम शिकवत होत्या. लेकीचा बाक दारालगत आहे. तिनं एकदाही बाहेर बघितलं नाही. कान मात्र लालबुंद झाले होते. वर्गात उकडत असावं.

निष्कर्ष असा की कंटाळा येतो, पाय भरून येतात, बाकी अपाय नाही. शिक्षा ठेवायला हरकत नाही. समितीनं एक तासाच्या वर नाही अशी अट घालून मान्य केली.

घरी आल्यावर लेकीनं न सांगता बादलीत कोमट पाणी आणि मीठ आणून ठेवलं. म्हटलं, "हे कुठे शिकलीस?"

"पहिल्यांदा दुखतात खूप. मग सवय होते."

खरं आहे, तिला माहीत असणारच. मी तिला कधीच सवलत दिली नाही. दुसऱ्या मुलाला एक तास उभं केलं तर तिला दोन. घरचं माणूस म्हटल्यावर कोणी बोट दाखवायला जागा नको. एवढ्या वर्षांत कोणी दाखवलेलं नाही. उलट नव्या शिक्षकांना माझंच उदाहरण देतात.

४ फेब्रुवारी

आज एक नियम फार चांगला झाला. 'सारख्या चुकीला सारखी शिक्षा, मग चूक करणारा कोणी का असेना.' चुकीची शिक्षा दिली गेली तर देणाऱ्यानं जिथे दिली तिथेच, तितक्याच लोकांसमोर माफी मागायची, असंही एक शेपूट त्याला जोडलंय. होयबांपैकी एकानं नियम वाचून दाखवला. वाचताना माझ्याकडे बघत होता, बिचारा घाबरला असेल. मी खिडकीपाशी असूनही राहवलं नाही. म्हटलं, "शाब्बास! मी हेच करत आलेय."

 वकील "पण मॅडम" म्हणायला गेली तर लेकीनं तिच्या बाहीला धरून खाली बसवलं. मुख्याध्यापक दारात उभे होते. ते माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत होते. त्यांना तिची हुशारी दिसली असावी. मला आतून बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

८ फेब्रुवारी

जेवताना लेकीनं सांगितलं, दहावीला तिला आत्याकडे जायचंय. आत्याच्या गावात, आत्याच्या घराजवळच्या शाळेत. तिथली प्रयोगशाळा चांगली आहे म्हणे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज करावा लागतो, तोही तिनं भरून आणला होता. पालकाची सही तेवढी बाकी.

मी म्हटलं, "आपल्या प्रयोगशाळेत काय कमी आहे?"

"काही नाही. तिथली जास्त चांगली आहे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. शेवटी आत्या म्हणजे त्याचीच बहीण. तो म्हणाला, "प्रयोगशाळेसाठी जाते म्हणते ना? मग तसंच असेल." आणि ताट उचलून उठला. ताट उचलून उठणाऱ्यातला तो नव्हे.

 एकुलती एक आहे, पंधराव्या वर्षी घराबाहेर काढायची? पण शिक्षणाच्या आड मी कशी येऊ? मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सांगते म्हटलं. अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलाय. दूध काढताना रोज दिसतो.

२० फेब्रुवारी

सकाळी फाटकावर उभी होते. उशिरा येणाऱ्यांना आता समितीच्या नियमाप्रमाणे एकच शिक्षा आहे. एक मधली सुट्टी वर्गात बसून बुडालेला अभ्यास भरून काढायचा. आज पाचसहा जण होते. सगळ्यांच्या शेवटी आमचं कन्यारत्न धापा टाकत आलं. हातात माझा चष्मा. मी घरी विसरले होते, ती अर्ध्या वाटेतून मागे फिरून घेऊन आली. मी चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि इतरांना एक सुट्टी सांगितली, तिला दोन. चष्मा हे घरचं काम, त्याचा शाळेशी काय संबंध?

तिनं "हो मॅडम" म्हटलं आणि आत गेली. वकील रांगेतच होती, तीही उशिरा आलेली. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. 

२२ फेब्रुवारी

समितीपुढे तक्रार आली. माझ्याविरुद्ध! आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणावं तर तक्रार लेकीची नव्हतीच, वकिलीणबाईंची होती. विषय निघाल्याबरोबर लेक उठली. "हे माझ्याबद्दल आहे, मी बाहेर थांबते," म्हणाली आणि दार लावून घेतलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

वकील म्हणाली, "मॅडम, मला एक सुट्टी आणि तिला दोन. चूक सारखीच होती."

"अगं, ती माझी मुलगी आहे."

"पण मॅडम, शाळेत ती तुमची मुलगी नाही ना? तुम्हीच म्हणता."

मी नियमांचा कागद मागितला आणि परत वाचला. 

लंबू आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "मॅडम, ती पाचवीपासून डबल उभी राहते. सगळ्यांना माहितीय. आम्ही म्हणायचो, आपली आई इथे नाही ते बरं." मग घाबरून म्हणाला, "सॉरी."

ठराव पाच विरुद्ध शून्य. नियमाप्रमाणे सोमवारी सकाळी फाटकावर माफी. मुख्याध्यापकांकडे गेले, वाटलं ते तरी सांभाळून घेतील. ते म्हणाले, "नियम चांगला आहे असं तुम्हीच अहवालात लिहिलंय." खरंच लिहिलंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज फाटकावर शाळा लोटली होती. उशिरा येणारे कोणी नव्हतेच, सगळे लवकर आलेले. तमाशा कोणाला नको असतो?

वाक्य मी घरीच तयार केलं होतं. 'रोल नंबर एकवीस, तुला दिलेली शिक्षा नियमाला धरून नव्हती, त्याबद्दल मी माफी मागते.' ती समोर उभी राहिली. वेणी एका बाजूनं सुटत आली होती. मी "रोल नंबर" म्हटलं आणि पुढचा आकडाच आठवेना. पाच वर्षं घोकलेला आकडा. तोंडातून घरातलं नाव निघून गेलं.

"बबडे, मी तुला जास्त शिक्षा केली. माझी चूक झाली. माफ कर."

एवढी पोरं, पण एकही हसलं नाही. तिनं खाली बघत "ठीक आहे मॅडम" म्हटलं आणि वर्गाकडे पळाली. मला भर फाटकावर रडू आलं. चष्मा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो होतो. मी विचारलं, "आता माफीपण मागून झाली. अजून जायचंय?"

"हो."

"एवढी काय आहे त्या प्रयोगशाळेत?"

"काही नाहीये. आत्या सांगत होती, छतच गळतं."

"मग?"

तिनं शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "तिथे शाळेत मॅडम असतील आणि घरी आत्या. इथे दोन्हीकडे मॅडमच असतात." आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "मला राग नाही आलाय गं आई. दमायला होतं फक्त."

मला मात्र राग आला. एवढं केलं, कोणाचं बोट उठू दिलं नाही, आणि त्याचं हे फळ? ती झोपायला गेल्यावर नवऱ्यापुढे बडबडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू तिला दोन तास उभी करायचीस. त्यातला एक तिच्या चुकीचा. दुसरा कसला होता?"

"लोक काय म्हणतील त्याचा."

"मग तो तू उभं राहायचंस."

आयुष्यात एकदा बोलतो आणि तेही असं. 

१ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. काही झालं नाही. अर्ज फ्रिजवर आहे. सही करायला पेन दोनदा हातात घेतलं.

शाळेत नववी ब च्या बाहेरून जात होते. कोणी उभं नव्हतं. भिंतीवरचा तो रंग उडालेला भाग पाहिला. त्याच्यापाशी उभी राहून पाहिलं, माझ्या खांद्याच्या बराच खाली येतो. लेकीच्या बरोबर खांद्याला लागेल. ही सगळी उठाठेव मी कशासाठी केली, असं आज पहिल्यांदा वाटलं. पोरीनं एकदाही घरी येऊन रडून सांगितलं नाही. सांगणार कोणाला? वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

३ मार्च, सोमवार

शहराच्या दुसऱ्या टोकाला आमच्याच संस्थेची प्राथमिक शाळा आहे. तिथे पर्यवेक्षिकेची जागा कधीची रिकामी आहे, कारण पहिली-दुसरीची पोरं सांभाळायला कोणी धजत नाही. सकाळी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, माझी तिकडे बदली करा.

ते चपापले. "मॅडम, माफीचं मनाला लावून घेऊ नका. उलट मुलं तुमच्याबद्दल…"

"त्यासाठी नाही."

"मग कारण काय लिहू?"

"माझी मुलगी या शाळेत शिकते."

"ती पाचवीपासून शिकतेय की."

"हो. माझ्या लक्षात आत्ता आलं."

 त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. बाहेर आले आणि जिन्यापाशी थांबले. उमेदीची सगळी वर्षं या इमारतीत गेली माझी. कोणत्या जिन्याची कोणती पायरी खचलीय ते झोपेत सांगेन.

रात्रीच्या जेवणाला घरी सांगितलं. "तू कुठे जाऊ नकोस. मी जाते." लेक बघतच राहिली. मग तिनं विचारलं, "तिकडच्या पोरांना पण उभं करणार?"

"ती उभी राहतात कुठे? पळतात."

तिला हसू फुटलं, पण हो-नाही काही म्हणाली नाही. "बघते," म्हणाली. झोपायच्या आधी दूध आत ठेवताना पाहिलं तर फ्रिजवर अर्ज नव्हता. फाडला की नुसता ठेवून दिला, माहीत नाही. मी विचारलं नाही. न विचारायला फार कष्ट पडले.

१७ जून, मंगळवार

शाळा सुरू झाल्या. माझ्या नव्या शाळेत काल पहिल्याच दिवशी एका पहिलीतल्या पोरानं माझ्या पदराला नाक पुसलं. नियमात बसत नाही, पण त्याला नियम वाचता येत नाहीत. आज संध्याकाळी थकून भागून चहा घेऊन बसले, तेवढ्यात लेक आली. दप्तर सोफ्यावर फेकलं. दहावीत गेली, पण दप्तर फेकणं पहिलीतलंच.

"आई, ते नवीन पर्यवेक्षक आलेत ना आई, तुझ्या जागी? आई, त्यांनी मला आज बाहेर उभं केलं! काही कारण नसताना! मी फक्त पट्टी मागितली शेजारणीकडे."

तास चालू असताना पट्टी? आणि तुझी पट्टी कुठे होती? दोन्ही प्रश्न जिभेवर आले होते. चहाच्या घोटाबरोबर गिळले.

"फारच खडूस दिसतायत," मी म्हटलं.

"खडूस? महाखडूस आहेत! थांब, तुला सगळं सांगते." ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.